चमकीचा पहिला मानकरी

ब्रिटनमधील साठी ओलांडलेल्या रॉकप्रेमींच्या बैठकीत ग्लॅम रॉकचा विषय निघाला, की थोड्याच वेळात दोन तट पडतात. एक तट डेव्हिड बोवीचा, दुसरा मार्क बोलनचा. स्लेड आणि स्वीट या बँडचे अनुयायी आपापली बाजू हिरिरीने मांडतात, रॉक्सी म्युझिकचे चाहते जरा दुरून, काहीशा तुच्छतेने या भांडणाकडे पाहतात. पण मुख्य झुंज या दोघांचीच. रफी श्रेष्ठ की किशोर, या वादात ज्यांनी कॉलेजच्या कट्ट्यावर तासन् तास घालवले आहेत, त्यांना हे दृश्य परके वाटू नये. फरक इतकाच, की या वादातील एका गायकाला आणखी अडतीस वर्षे मिळाली आणि दुसरा तिशी गाठायला चौदा दिवस उरले असताना गेला. त्यामुळे तुलना मुळातच विषम ठरते. तरीही ती थांबत नाही, कारण बोलनच्या बाजूने बोलणाऱ्यांकडे एक हुकमी पान आहे. तो पहिला होता.

पहिला कशात, हे समजण्यासाठी त्या काळाकडे पाहावे लागते. साठचे दशक सरताना रॉक संगीत गंभीर, किंबहुना जड झाले होते. वीस-वीस मिनिटांच्या रचना, संपता न संपणारी गिटारवादने, अंगात विटकी जीन्स आणि प्रेक्षकांकडे पाहण्याचीही फारशी तसदी न घेणारे वादक. बारा-चौदा वर्षांच्या मुलामुलींना त्यात स्वतःचे असे काही सापडत नव्हते. देशातील वातावरणही उदास होते. १९७२ च्या आरंभी खाणकामगारांच्या संपामुळे घरोघरी वीज जात होती. १९७४ च्या सुरुवातीला तर सरकारवर उद्योगांचा आठवडा तीन दिवसांवर आणण्याची वेळ आली. या करड्या पार्श्वभूमीवर साटीनचे झगमगीत कपडे, उंच टाचांचे बूट, डोळ्यांभोवती काजळ आणि गालांवर चमकी लावून पुरुष गायक दूरचित्रवाणीच्या पडद्यावर अवतरले. गाणी मात्र अगदी साधी होती. पन्नासच्या दशकातील रॉक अँड रोलचा ठेका त्यांनी पुन्हा उचलला होता. या प्रकाराला पुढे ग्लॅम रॉक हे नाव मिळाले. त्याचा भर जेमतेम चार वर्षे टिकला आणि त्याची सुरुवात बहुतेक अभ्यासक मार्च १९७१ मधील एका गुरुवारच्या संध्याकाळपाशी नेऊन ठेवतात.

मार्क बोलनचे मूळ नाव मार्क फेल्ड. जन्म ३० सप्टेंबर १९४७, पूर्व लंडनमधील हॅकनी येथे. वडील सिमियन हे ज्यू होते आणि मालमोटार चालवीत. आई फिलिस ख्रिस्ती घरातील. ती सोहो भागातील बेरविक स्ट्रीटच्या बाजारात भाजी-फळांच्या गाळ्यावर काम करी. स्टोक न्यूइंग्टनमधील भाड्याच्या खोल्यांत मार्क आणि त्याचा थोरला भाऊ हॅरी वाढले. घरात पैसा नव्हता, पण धाकट्याच्या हौसेला आईने कधी नाही म्हटले नाही. नवव्या वर्षी त्याच्या हातात गिटार आली. ती नीट वाजवता येण्याच्या कितीतरी आधी ती गळ्यात अडकवून आरशासमोर कसे उभे राहायचे, हे त्याला ठाऊक झाले होते.

कपड्यांचे वेड त्याहून मोठे. त्या वेळी लंडनच्या कामगार वस्त्यांतील काही पोरे इटालियन धाटणीचे सूट शिवून घेत, बुटांच्या टोकावर वाद घालत आणि एकदा घातलेला पोशाख लगेच पुन्हा घालणे कमीपणाचे मानत. त्यांना 'मॉड' म्हणत. १९६२ मध्ये 'टाउन' या मासिकाने या मुलांवर लेख छापला, तेव्हा डॉन मकलिन या पुढे युद्धछायाचित्रणासाठी गाजलेल्या छायाचित्रकाराने टिपलेल्या छबींत मार्क फेल्डही होता. त्याचे पंधरावे वर्ष अजून सरायचे होते. शाळेशी त्याचे कधी जमले नाही. गैरवर्तनासाठी त्याला काढून टाकण्यात आले आणि त्याने मागे वळून पाहिले नाही. प्रसिद्ध व्हायचे, एवढे ठरले होते. कशासाठी, ते मागाहून ठरणार होते. त्याचे टीकाकार या गोष्टीवर नेमके बोट ठेवतात. मात्र हाच आरोप त्याच्या समकालीनांपैकी निम्म्यांवर करता येईल, आणि त्यांत बोवीही सुटत नाही.

काही दिवस कपड्यांच्या जाहिरातींसाठी छायाचित्रे, मग टोबी टायलर या नावाने लोकगीते, असे करत १९६५ मध्ये त्याने डेक्का कंपनीसाठी 'द विझर्ड' ही पहिली तबकडी गायली. तिच्यावर मार्क बोलन हे नवे नाव होते. बॉब डिलनच्या नावाची पहिली आणि शेवटची अक्षरे जोडून ते बनले, ही कथा चाहत्यांना प्रिय आहे. ते एका नटाच्या आडनावावरून घेतले, असे सांगणारेही आहेत. याच सुमारास लेस्ली कॉन या व्यवस्थापकाकडे आणखी एक होतकरू गायक खेटे घालत होता. तोही १९४७ चाच, जानेवारीतला. त्याचे नाव डेव्हिड जोन्स. बोवी हे आडनाव त्याने नंतर घेतले. कॉनच्या कचेरीच्या भिंती रंगवण्याचे काम या दोघांना मिळाले आणि रंगाचे ब्रश हातात असतानाच त्यांची ओळख झाली, असे बोवी पुढे सांगत असे. ज्या दोन नावांवरून चाहते अर्धशतक भांडत आहेत, त्यांची दोस्ती अशी उमेदवारीच्या दिवसांतली.

१९६७ मध्ये सायमन नेपियर-बेल या व्यवस्थापकाने बोलनला 'जॉन्स चिल्ड्रेन' या बँडमध्ये घातले. त्याने लिहिलेल्या 'डेस्डेमोना' या गाण्यावर बीबीसीने बंदी घातली आणि 'द हू' या प्रख्यात बँडबरोबरचा जर्मनीचा दौरा रंगमंचावरील धिंगाण्यामुळे अर्ध्यावरच आटोपला. परतीच्या वाटेवर लक्झेंबर्गमध्ये पंडित रविशंकर यांची मैफल ऐकल्याचे नेपियर-बेलने नमूद केले आहे. गालिच्यावर मांडी घालून बसलेला एक कलावंत, उदबत्तीचा दरवळ, नि:शब्द श्रोते. कर्कश गोंगाटातून आलेल्या बोलनच्या मनात हे चित्र रुतले, असे त्याचे म्हणणे. सतार किंवा रागदारी बोलनने कधी उचलली नाही, बैठक मात्र उचलली. काही महिन्यांतच तो स्वतः जमिनीवर मांडी घालून, साधी गिटार घेऊन गाऊ लागला. शेजारी बोंगो वाजवणारा स्टीव्ह पेरेग्रिन टूक. या जोडीचे नाव होते टिरॅनोसॉरस रेक्स. त्या महाकाय प्राण्याचे नाव इतक्या हळुवार संगीताला का, हा प्रश्न तेव्हाही विचारला जाई.

या जोडीचा पहिला मोठा पाठीराखा रेडिओ निवेदक जॉन पील. मुख्य प्रवाहाबाहेरचे संगीत ऐकवणारा पील त्यांच्या तबकड्या पुन:पुन्हा लावी, कार्यक्रमांना त्यांना बरोबर नेई. १९६८ च्या त्यांच्या पहिल्या दीर्घ ध्वनिमुद्रिकेत त्याने बोलनची एक परीकथाही वाचली. त्या ध्वनिमुद्रिकेचा निर्माता होता ब्रुकलिनहून लंडनला आलेला टोनी व्हिस्कॉन्टी, जो बोवीबरोबरही काम करणार होता. यक्ष, एकशिंगी घोडे आणि जादूगार यांनी भरलेली बोलनची गाणी हिप्पी तरुणाईला भावली. १९६९ मध्ये त्याचा कवितासंग्रहही निघाला. हा चाहतावर्ग संख्येने लहान होता, पण बोलन आपला आहे, बाजाराचा नाही, अशी त्याची श्रद्धा होती. सर्वांत कडू वाद पुढे याच श्रद्धेतून उपजला.

टूकला स्वतःची गाणीही घ्यायची होती. बोलनला ते मान्य नव्हते. १९६९ च्या अमेरिका दौऱ्यानंतर टूकची गच्छंती झाली. त्याच्या जागी आलेला मिकी फिन हा वादक म्हणून सामान्य, पण अतिशय देखणा होता. या निवडीतच पुढच्या वाटचालीची दिशा दिसते. जानेवारी १९७० मध्ये बोलनने जून चाइल्ड हिच्याशी लग्न केले. संगीतव्यवसायाची जाण असलेल्या या तरुणीने त्याचे व्यवहार सांभाळले. बोलनने आता विजेची गिटार हाती घेतली होती, बँडचे नाव छाटून 'टी. रेक्स' केले होते. ऑक्टोबर १९७० मध्ये आलेले 'राइड अ व्हाइट स्वान' हे अडीच मिनिटांहूनही छोटे गाणे हळूहळू चढत जानेवारी १९७१ मध्ये विक्रीच्या यादीत दुसऱ्या स्थानी पोहोचले. पहिल्या स्थानी होते क्लाइव्ह डन या विनोदी नटाने गायलेले आजोबांचे गाणे. बोलनचे चाहते या नियतीला आजही माफ करत नाहीत.

पुढचे गाणे 'हॉट लव्ह'. बीबीसीच्या 'टॉप ऑफ द पॉप्स' या दर गुरुवारच्या कार्यक्रमात ते सादर करण्यापूर्वी चेलिता सेकुंडा या मैत्रिणीने बोलनच्या डोळ्यांखाली चमकी लावली. चंदेरी साटीन, कुरळ्या केसांचे झुबके आणि गालांवर लुकलुकणारे ठिपके अशा अवतारात हसत-लाडावत गाणारा हा तेवीस वर्षांचा तरुण लाखो घरांत एकाच वेळी दिसला. दुसऱ्या दिवशी शाळांच्या मैदानांवर दुसरा विषय नव्हता. हे गाणे सलग सहा आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले. पुढच्या कार्यक्रमांना येणाऱ्या मुली चेहऱ्याला चमकी लावून येऊ लागल्या. काही दिवसांनी मुलगेही.

बोवीपक्षाचा पहिला आक्षेप याच ठिकाणी येतो. २२ फेब्रुवारी १९७० रोजी, म्हणजे वर्षभर आधी, लंडनच्या राउंडहाउस सभागृहात बोवीने 'हाइप' नावाचा बँड घेऊन अतिरंजित वेषांत कार्यक्रम केला होता. बास गिटारवर व्हिस्कॉन्टीच होता, आणि ग्लॅम रॉकचा खरा जन्म त्या रात्री झाला असे तो मानतो. प्रेक्षकांत बोलनही होता, असेही तो सांगतो. याच काळात बोवीच्या 'द प्रिटिएस्ट स्टार' या तबकडीवर बोलनने गिटार वाजवली होती; ती तबकडी पडली. हा मुद्दा खोडून काढण्यासारखा नाही, पण तो पुरेसाही नाही. राउंडहाउसमध्ये त्या रात्री जे घडले ते मूठभरांनी पाहिले आणि त्यांपैकी बहुतेकांना ते रुचले नाही. चमकीला लोकांनी आपले म्हणण्यासाठी 'हॉट लव्ह' यावे लागले. कल्पना आधी कोणाच्या डोक्यात आली याला संशोधकांच्या लेखी महत्त्व असेल; लोकप्रिय संगीतात मात्र ती लोकांपर्यंत कोणी नेली, हे निदान तितकेच मोलाचे असते.

दुसरा आक्षेप बोलनच्या जुन्या चाहत्यांचाच होता आणि तो अधिक जिव्हारी लागणारा होता. यक्ष-पऱ्यांची गाणी गाणारा आपला कवी शाळकरी पोरींच्या किंकाळ्यांसाठी विकला गेला, अशी त्यांची भावना झाली. खुद्द पीललाही जुलै १९७१ मध्ये चार आठवडे अव्वल राहिलेले 'गेट इट ऑन' आवडले नाही. त्याने ते लपवले नाही आणि बोलनने त्याच्याशी संबंध जवळजवळ तोडले. ज्याच्या घरी रोजचे जाणे-येणे होते अशा मित्राला एका गाण्यावरच्या मतभेदावरून दूर करणे, यात बोलनचा स्वभाव दिसतो. त्याला स्तुती लागे, आणि ती अखंड लागे.

पण ती गाणी खरोखरच उथळ होती का? 'इलेक्ट्रिक वॉरियर' ही सप्टेंबर १९७१ ची ध्वनिमुद्रिका आज शांतपणे ऐकली तर तसे म्हणणे कठीण जाते. बोलन हा मोठा गिटारवादक नव्हता. त्याच्या चाली तीन-चार सुरावटींच्या पलीकडे क्वचित जातात. 'जीपस्टर'वर हाउलिन वुल्फ या ब्ल्यूज गायकाचे ऋण उघड आहे. त्याचे सामर्थ्य ठेक्यात आणि आवाजात होते. शेळीसारखा थरथरणारा, कानाशी कुजबुजणारा तो आवाज; किंचित मागे रेललेली, घाई नसलेली गिटार; मागे बिल लेजंडचा ड्रम आणि स्टीव्ह करीचा बास; वरच्या पट्टीत गाणारे मार्क व्होलमन आणि हॉवर्ड केलन हे दोन अमेरिकी गायक; आणि या साऱ्यावर व्हिस्कॉन्टीने चढवलेला व्हायोलिन-चेलोंचा साज. यात एकही गोष्ट जास्त नाही. 'गेट इट ऑन'मध्ये पियानोच्या पट्ट्यांवरून सरसर बोट फिरवण्याचे तेवढे काम रिक वेकमन या मातब्बर वादकाकडे होते. इतका साधा मजकूर इतका मोहक करणे भल्याभल्यांना जमलेले नाही. नक्कल करणारे डझनांनी झाले; ती गाणी पहिल्या चार सुरांत ओळखू येतात, नकला येत नाहीत.

१९७२ हे त्याचे वर्ष. वर्षाच्या आरंभी 'टेलिग्राम सॅम' आणि मे महिन्यात 'मेटल गुरू' पहिल्या क्रमांकावर गेले. १८ मार्चला वेम्ब्लीच्या एम्पायर पूल सभागृहात एकाच दिवशी दोन कार्यक्रम झाले. मुलींच्या आरोळ्यांत गाणी बुडून जात होती. बीटल्सचा ड्रमवादक रिंगो स्टार कॅमेरे घेऊन हजर होता. त्याने दिग्दर्शित केलेला 'बॉर्न टू बूगी' हा चित्रपट डिसेंबरमध्ये प्रदर्शित झाला. बीटल्सनंतर असे वेड ब्रिटनने पाहिले नव्हते आणि वृत्तपत्रांनी त्यासाठी 'टी. रेक्स्टसी' असा शब्दही घडवला. 'राइड अ व्हाइट स्वान'पासून जून १९७३ च्या 'द ग्रूव्हर'पर्यंत टी. रेक्सने काढलेली लागोपाठ दहा गाणी पहिल्या चार क्रमांकांत गेली. त्यांतील चार अव्वल ठरली. बोवीला एकेरी तबकडीच्या यादीत पहिला क्रमांक मिळाला तो नोव्हेंबर १९७५ मध्ये, तोही 'स्पेस ऑडिटी' या जुन्या गाण्याच्या पुनर्प्रकाशनाला. आकड्यांच्या वादात बोलनपक्षाचा हा हातखंडा मुद्दा.

आकड्यांवरच जायचे तर स्लेडचे चाहते मात्र दोघांनाही गप्प करू शकतात. इंग्लंडच्या मध्य भागातील औद्योगिक पट्ट्यातून आलेल्या या चौघांनी १९७१ ते १९७३ या काळात सहा वेळा पहिला क्रमांक पटकावला, आणि १९७३ मध्ये तर तीन गाणी प्रकाशित होताच थेट अव्वल स्थानी गेली. बोलनच्या नाजूक लाडीकपणासमोर स्लेडचा रांगडा, पाय आपटायला लावणारा आवाज गिरणीतल्या पोरांना जवळचा वाटे. स्वीटकडे माइक चॅपमन आणि निकी चिन ही हुकमी गीतकारांची जोडी होती. स्वीट म्हणजे केवळ त्या जोडीच्या हातची बाहुली, हा आरोप त्यांचे चाहते संतापाने फेटाळतात. गॅरी ग्लिटर हे एके काळचे मोठे नाव, पण बालकांवरील लैंगिक गुन्ह्यांसाठी त्याला शिक्षा झाल्यापासून त्याचा विचार बहुतेक जण या यादीत करतच नाहीत. क्वीन या बँडला ग्लॅम म्हणायचे की नाही, हा आणखी एक उपवाद. पाचगणीच्या शाळेत शिकलेला फारूख बलसारा, म्हणजे पुढचा फ्रेडी मर्क्युरी, बोलन प्रसिद्धीच्या उंबरठ्यावर असताना लंडनच्या केन्सिंग्टन मार्केटमध्ये जुन्या तऱ्हेवाईक कपड्यांचा गाळा चालवत होता. क्वीनची पहिली ध्वनिमुद्रिका १९७३ ची. तोवर रस्ता रुळला होता.

आणि मग बोवी. जून १९७२ मध्ये त्याने 'झिगी स्टारडस्ट' हे परग्रहाशी नाते सांगणारे काल्पनिक पात्र निर्माण केले आणि जुलैत 'स्टारमॅन' घेऊन तो त्याच 'टॉप ऑफ द पॉप्स'वर आला. बोलनने चमकी लावली होती. बोवीने तिच्यामागे कथा उभी केली, पुरुष कोण आणि स्त्री कोण या सीमेवरच प्रश्नचिन्ह लावले. त्या वर्षीच्या जानेवारीत त्याने एका साप्ताहिकाला आपण समलिंगी असल्याचे सांगितले होते. अनेक एकाकी मुलांना त्यातून जो धीर मिळाला, तो केवळ गाण्यापुरता नव्हता. 'बोवी की बोलन' या शाळकरी भांडणाची खरी तेढ येथे होती. आपण कोण आहोत, हे या दोघांपैकी कोणाचे चित्र भिंतीवर लावले त्यावरून ठरत असे. मोठ्या भावाने बोवीकडे जावे आणि धाकटीने बोलनला कवटाळून बसावे, अशी घरे पुष्कळ होती. बोलनला बाळबोध ठरवणाऱ्या शेऱ्यांत त्याचा चाहतावर्ग प्रामुख्याने लहान मुलींचा होता, याचा वाटा किती होता, हेही तपासून पाहण्यासारखे आहे.

जुलै १९७३ मध्ये बोवीने रंगमंचावरच झिगीला निरोप दिला आणि तो पुढे निघाला. बोलनला ते जमले नाही. त्याची पडझड विलक्षण वेगाने झाली. अमेरिका त्याला कधी वश झाली नव्हती. फेब्रुवारी १९७२ चा न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमधील कार्यक्रम फसला आणि नाव बदलून तेथे प्रकाशित झालेल्या 'गेट इट ऑन'खेरीज त्याचे एकही गाणे पहिल्या दहांत गेले नाही. मायदेशी तीच चाल, तोच ठेका यांची पुनरावृत्ती होऊ लागली. लेजंड गेला, व्हिस्कॉन्टी गेला, पाठोपाठ फिनही गेला. लग्न मोडले. कर चुकवण्यासाठी तो परदेशी राहू लागला; ब्रँडी आणि कोकेनने शरीर सुजले. ज्यांनी त्याला घडवले त्यांना वाटा आणि श्रेय देण्यात त्याने हात आखडता घेतला, ही तक्रार एकट्यादुकट्याची नाही. त्याचे कट्टर चाहतेसुद्धा या काळाविषयी बोलताना आवाज खाली आणतात.

तरीही या उतरणीतील एका टप्प्याला न्याय मिळालेला नाही. ग्लोरिया जोन्स ही अमेरिकी कृष्णवर्णीय गायिका १९७३ मध्ये सहगायिका म्हणून आली आणि त्याची जीवनसाथी झाली. 'टेंटेड लव्ह' हे पुढे दुसऱ्यांनी गाजवलेले गाणे मुळात १९६५ मध्ये तिच्या आवाजात आले होते. तिच्या सहवासात बोलनच्या संगीतात सोल शैलीचा शिरकाव झाला. फेब्रुवारी १९७४ च्या 'झिंक अॅलॉय' या ध्वनिमुद्रिकेची समीक्षकांनी टर उडवली, कारण नाव 'झिगी'ची नक्कल वाटले. बोवीने याच वाटेने जाऊन 'यंग अमेरिकन्स' काढले ते मार्च १९७५ मध्ये, आणि ते धाडस म्हणून वाखाणले गेले. दोन्ही लागोपाठ ऐकल्यास बोवीची बांधणी सरस आहे, यात शंका नाही. पण तेरा महिने आधी तीच दिशा धरणाऱ्याला नकलाकार ठरवणे हा अन्याय आहे.

२६ सप्टेंबर १९७५ रोजी मुलगा रोलान जन्मला आणि बोलन सावरू लागला. दारू आटोक्यात आली, शरीर पुन्हा सडसडीत झाले. १९७६ मध्ये 'आय लव्ह टू बूगी' तेराव्या क्रमांकापर्यंत गेले. त्याच सुमारास पंक रॉकची लाट उठली. जुन्या ताऱ्यांना शिव्या घालणाऱ्या या पोरांनी बोलनला मात्र वगळले होते. अडीच मिनिटांची, तीन सुरावटींची गाणी त्यांनाही हवी होती, आणि ती लहानपणी ऐकली होती ती त्याच्याकडूनच. बोलनने हे अचूक ओळखले. मार्च १९७७ च्या दौऱ्यात त्याने 'द डॅम्ड' या पंक बँडला बरोबर घेतले, एका संगीत साप्ताहिकात सदर लिहिले. ग्रॅनडा वाहिनीने मुलांसाठी 'मार्क' नावाची सहा भागांची मालिका दिली. तिच्यात त्याने 'द जॅम', 'बूमटाउन रॅट्स', 'जनरेशन एक्स' अशा नव्यांना बोलावले.

शेवटच्या भागाचा पाहुणा होता बोवी. ७ सप्टेंबर १९७७ रोजी मँचेस्टरमध्ये चित्रण झाले. बोवीने आपले नवे 'हीरोज' गायले. अखेरीस दोघांनी मिळून एक रचना सुरू केली, तोच बोलनचा पाय अडखळला आणि तो रंगमंचावरून खाली घसरला. बोवी हसला. चित्रणाची ठरलेली वेळ संपली होती, त्यामुळे प्रसंग पुन्हा टिपता आला नाही. दोघांना एकत्र गाताना पाहण्याची इच्छा बाळगणाऱ्या चाहत्यांच्या वाट्याला एवढे काही क्षणच आले.

१६ सप्टेंबरच्या पहाटे ग्लोरिया आणि बोलन जेवणानंतर मध्य लंडनमधून घरी परतत होते. जांभळ्या रंगाची मिनी गाडी ग्लोरिया चालवत होती. बोलन गाडी चालवायला कधी शिकलाच नव्हता, गाण्यांतून मात्र त्याने मोटारींचा ताफाच मिरवला होता. बार्न्स भागातील क्वीन्स राइडवरचा छोटा पूल ओलांडताच गाडी कुंपणाच्या खांबावर आणि मग सिकॅमोरच्या झाडावर आदळली. बोलन जागीच गेला. ग्लोरियाच्या जबड्याला गंभीर दुखापत झाली. एल्व्हिस प्रेस्ली जाऊन त्या दिवशी बरोबर महिना झाला होता. २० सप्टेंबरला गोल्डर्स ग्रीनच्या दाहगृहात अंत्यविधी झाले. पांढऱ्या फुलांचा मोठा हंस तेथे ठेवला होता. शोकाकुलांत बोवी होता, रॉड स्टुअर्ट होता. बोवीबरोबरचा तो भाग २८ सप्टेंबरला प्रक्षेपित झाला.

जूनशी घटस्फोट पूर्ण झालेला नव्हता आणि ग्लोरियाशी विवाह झालेला नव्हता. त्यामुळे बोलनच्या पैशांतले फारसे काही तिच्या व दोन वर्षांच्या रोलानच्या हाती आले नाही; ती मुलाला घेऊन अमेरिकेला परतली. त्या काळात बोवीने गाजावाजा न करता मदत केली, रोलानच्या शिक्षणाला हातभार लावला, असे रोलाननेच पुढे सांगितले. ज्यांच्या नावाने चाहते हमरीतुमरीवर येत, त्या दोघांमध्ये हेवा होता आणि माया होती. ग्लोरियाने पुढे सिएरा लिओनमधील मकेनी येथे बोलनच्या नावाने मुलांसाठी संगीतशाळा काढली.

बार्न्सच्या त्या झाडाला लोक फिती, चिठ्ठ्या, फुले बांधू लागले. १९९७ मध्ये तेथे स्मृतिशिला बसली. पुढे चाहत्यांच्या एका गटाने जागेची रीतसर देखभाल हाती घेतली आणि २००२ मध्ये बोलनचा अर्धपुतळा उभा राहिला. गाणी दुसऱ्यांच्या हातून फिरत राहिली. 'द स्मिथ्स'च्या १९८६ मधील 'पॅनिक'मागे 'मेटल गुरू' ऐकू येते, १९९४ मध्ये 'ओएसिस'ने 'गेट इट ऑन'चा गिटारचा तुकडा जवळजवळ तसाच उचलला, आणि २००० मधील 'बिली एलियट' या चित्रपटात खाणकामगाराचा मुलगा नाचतो तो टी. रेक्सच्या तालावर.

२०२० मध्ये अमेरिकेतील 'रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम'ने टी. रेक्सला स्थान दिले. बोवीला ते १९९६ मध्येच मिळाले होते. सन्मानाचे निवेदन रिंगो स्टारने केले. यादीत चार नावे होती: बोलन, मिकी फिन, स्टीव्ह करी आणि बिल लेजंड. गालिच्यावर बोलनशेजारी बसून बोंगो वाजवणाऱ्या स्टीव्ह टूकचे नाव त्यांत नव्हते.